कॉन्स्ट व्हेरिएबल मेमरीत नेमके कुठे जाते?

सी भाषेत व्हेरिएबलच्या आधी 'कॉन्स्ट' लिहिले की ते फ्लॅश मेमरीत जाते आणि रॅम वाचते, असा समज सर्रास आढळतो. खरे तर 'कॉन्स्ट' हा शब्द जागेबद्दल काहीच सांगत नाही. या नावाने ही किंमत बदलायची नाही, एवढेच तो सांगतो. जागा ठरते ती कंपायलर, लिंकर आणि प्रोग्राम ज्या चिपवर चालणार ती चिप, या तिघांवरून.

कंपायलर प्रोग्रामची विभागणी वेगवेगळ्या कप्प्यांत करतो. या कप्प्यांना सेक्शन म्हणतात. सूचना '.टेक्स्ट'मध्ये, सुरुवातीची किंमत दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स '.डेटा'मध्ये आणि शून्यापासून सुरू होणारी '.बीएसएस'मध्ये जातात. ग्लोबल किंवा स्टॅटिक कॉन्स्टसाठी जीसीसी सहसा '.आरओडेटा' हा फक्त वाचण्याचा कप्पा वापरतो. लिनक्सवर ही पाने लिहिण्यासाठी बंद असतात. म्हणून पॉइंटरची फसवाफसवी करून तिथे काही लिहायला गेल्यास प्रोग्राम 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन बंद पडतो.

फंक्शनच्या आतले साधे कॉन्स्ट मात्र इतर लोकल व्हेरिएबल्ससारखेच स्टॅकवर किंवा रजिस्टरमध्ये असते. किंमत आधीच माहीत असेल आणि पत्ता कुठे वापरलेला नसेल, तर कंपायलर ती थेट सूचनेतच बसवतो. मग त्या व्हेरिएबलला मेमरीत वेगळी जागाच लागत नाही.

पॉइंटरच्या बाबतीत नेहमी घोटाळा होतो. 'कॉन्स्ट चार स्टार' असे लिहिले तर अक्षरे कॉन्स्ट ठरतात, पॉइंटर नाही. अक्षरे '.आरओडेटा'त जातात, पण ग्लोबल पॉइंटर '.डेटा'तच राहतो. तोही '.आरओडेटा'त हवा असेल तर ताऱ्यानंतर आणखी एकदा कॉन्स्ट लिहावे लागते. संदेशांच्या यादीत हा दुसरा कॉन्स्ट हमखास विसरला जातो.

आता चिपकडे. एआरएम कॉर्टेक्स-एम चिपमध्ये फ्लॅश आणि रॅम एकाच पत्त्यांच्या रांगेत असतात. त्यामुळे '.आरओडेटा' फ्लॅशमध्येच ठेवून तिथूनच वाचता येतो. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचे तसे नाही. तिच्यात ३२ केबी फ्लॅश आणि अवघी २ केबी रॅम आहे, आणि दोन्हींचे पत्ते स्वतंत्र आहेत. फ्लॅशमधला ५०० क्रमांकाचा बाइट वेगळा, रॅममधला वेगळा. फ्लॅश वाचायला 'एलपीएम' ही खास सूचना लागते. पण साधा पॉइंटर कोणत्या मेमरीकडे बोट दाखवतो, हे कंपायलरला पॉइंटरवरून कळत नाही. म्हणून या चिपसाठी '.आरओडेटा' सरळ '.डेटा'सोबत बांधला जातो आणि प्रोग्राम सुरू होताना फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवला जातो. कॉन्स्ट लिहूनही रॅम खर्च होते ती अशी.

स्क्रीनवर दाखवायचे ३० अक्षरांचे ४० संदेश घ्या. शेवटचा शून्य धरून प्रत्येकी ३१, म्हणजे १,२४० बाइट. एकूण रॅम २,०४८ बाइट. उरलेल्यात स्टॅक वाढत गेला की तो व्हेरिएबल्सवर चढतो, आणि या चिपमध्ये त्याला अडवणारे कोणी नाही. चुकीचा संदेश येत नाही. स्क्रीनवर भलतीच अक्षरे उमटतात किंवा बोर्ड मधूनच पुन्हा सुरू होतो. दोष वायरिंगमध्ये शोधण्यात मग दिवस जातो.

यावर उपाय म्हणजे 'प्रोगमेम'. कॉन्स्टसोबत हा शब्द लिहिला की माहिती फ्लॅशमध्येच राहते, मात्र ती 'पीजीएम रीड बाइट'सारख्या मॅक्रोने वाचावी लागते. साध्या पद्धतीने वाचल्यास कंपायलर गप्प बसतो आणि हाती रॅममधला कचरा येतो. आर्डुइनोत नुसता मजकूर छापायचा असेल तर 'एफ' मॅक्रो पुरतो. एटीमेगा४८०९सारख्या नव्या एव्हीआर चिप्समध्ये फ्लॅश डेटाच्या पत्त्यांतही दिसते, त्यामुळे तिथे ही कसरत लागत नाही.

अंदाज बांधण्यापेक्षा लिंकरची मॅप फाइल उघडावी. कोणते व्हेरिएबल कोणत्या सेक्शनमध्ये गेले ते तिच्यात दिसते. आर्डुइनो आयडीईसुद्धा कंपाइल झाल्यावर ग्लोबल व्हेरिएबल्सनी किती बाइट घेतले ते सांगते. त्या आकड्यात स्टॅक धरलेला नसतो.