दाबलेल्या रबराचा इतिहास

रबराचा इतिहास सांगणारे बहुतेक जण चाकाभोवतीच घुटमळतात: आधी गुडइयर, मग डनलॉप, मग मोटार. पण गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ होते हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये उमगले, आणि डनलॉपचा हवेचा टायर आला 1888 मध्ये. मधली पन्नास वर्षे रबर काय करत होते? पावसाळी कोट, बूट, नळ्या, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. अवजड यंत्रांच्या जगात रबराला पक्की जागा मिळाली ती धक्का झेलणारा गुटका म्हणून, आणि ती मिळवून दिली त्याच्या मऊपणाने नव्हे, तर आकाराने.

याचा पुरावा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या लोकरीच्या जुन्या गावात सापडतो. तिथल्या किंग्स्टन गिरणीत स्टीफन मोल्टनने 1848 मध्ये रबराचा कारखाना काढला. गुडइयरचे नमुने इंग्लंडला आणणारा हाच. ते पाहून पेटंट मात्र टॉमस हॅन्कॉकने पटकावले. क्रायमियाच्या युद्धात मोल्टनचे जलरोधक अंगरखे खपले, पण युद्धे संपतात. कायमचे गिऱ्हाईक ठरली ती रेल्वे. जॉर्ज स्पेन्सरने शंकूच्या आकाराचे रबरी बफर आखले आणि ते मोल्टनच्या कारखान्यात तयार होऊ लागले. रबर दोन रोलरांमध्ये मळायचे, त्यात गंधक मिसळायचा, साच्यात भरून दाबाखाली तापवायचे. आज त्यात कार्बन ब्लॅकची भर पडली आहे, पण मूळ कृती तीच. खरी हुशारी शंकूत होती. रबर दाबल्याने त्याचे आकारमान जवळजवळ घटत नाही, ते बाजूला फुगते. फुगायला वाव असेल तर गुटका मऊ वागतो, वाव अडवला की ताठरतो. म्हणून शंकू हलक्या धक्क्याला चटकन दबतो आणि जोराच्या धक्क्याला वाढता विरोध करतो. शिवाय धक्क्याचा काही भाग रबराच्या अंगातच उष्णता होऊन जिरतो, त्यामुळे डबा तितक्याच जोराने मागे फेकला जात नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की पोलादी स्प्रिंग अधिक भार पेलते. पेलते खरी, पण एकटी असली तर घेतलेले जवळजवळ सगळे परत करते. तिला शांत करायला घर्षणाची किंवा तेलाची वेगळी सोय लागते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: रबर कुजते. ऊन, ओझोन आणि खनिज तेल त्याचे शत्रू आहेत, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. पण जाड गुटका आणि पातळ नळी यांना एकच न्याय लावता येत नाही. मेलबर्नच्या रेल्वे व्हायाडक्टखाली 1889 च्या सुमारास घातलेल्या रबरी गाद्या सुमारे शंभर वर्षांनी तपासल्या, तेव्हा बाहेरचा जेमतेम दीड मिलिमीटर थर खराब झाला होता. आतले रबर शाबूत होते. पुढे रबराच्या पातळ थरांमध्ये पोलादी पत्रे चिकटवून पुलांची बेअरिंग बनू लागली. पत्रे रबराला फुगू देत नाहीत, म्हणून ती उभ्या भाराला ताठ आणि आडव्या हालचालीला लवचीक असतात. म्हणजे स्पेन्सरचाच धडा, फक्त उलट बाजूने वापरलेला. मोल्टनच्या पणतूने, ॲलेक्स मोल्टनने, 1959 च्या मिनी मोटारीला रबरी शंकूंचेच सस्पेन्शन दिले. आणि 2001 च्या भूकंपात कोसळलेले भुजचे रुग्णालय पुन्हा उभे राहिले, ते शिसे आणि रबर यांच्या बेअरिंगवर.