कॅमेरा कोणाच्या हातात होता? अमेरिकन बॉक्सिंगचे कृष्णधवल फोटो आणि वर्णवर्चस्व

'खेळात जात नसते' आणि 'कॅमेरा खोटे बोलत नाही' ही दोन वाक्ये आम्हाला वारंवार ऐकवली जातात. पहिल्या वाक्याचा समाचार आपल्या चळवळीतील अनेकांनी घेतला आहे. आज दुसऱ्याकडे वळू. त्यासाठी उदाहरण घेतो आहोत अमेरिकेचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या मासिकांत आणि वर्तमानपत्रांत बॉक्सिंगचे जे कृष्णधवल फोटो छापले गेले, ते आज कलादालनांत टांगलेले असतात. जाणकार लोक त्यांच्यापुढे उभे राहून छायाप्रकाशाची तारीफ करतात. करू द्या. आमचा प्रश्न वेगळा आहे. फोटोत कोण आहे हे सगळे पाहतात. फोटो कोणी काढला, कोणता छापला आणि कोणता कपाटात ठेवला, हे कोण पाहणार?

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय बॉक्सरने टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेट जगज्जेतेपद मिळवले. चौदाव्या फेरीत बर्न्स कोसळण्याच्या बेतात असताना पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरणही बंद करायला लावले. गोरा माणूस काळ्या माणसाच्या हातून आडवा होताना जगाला दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ. पुढे 4 जुलै 1910 रोजी रेनो शहरात जॉन्सनने जिम जेफ्रीजला लोळवले. जेफ्रीजला निवृत्तीतून ओढून आणले होते ते गोऱ्यांची लाज राखण्यासाठी. ती राखली गेली नाही, म्हणून त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले, माणसे मारली. आणि सरकारने काय केले? 1912 मध्ये कायदा करून बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. हा कायदा 1940 पर्यंत टिकला. कॅमेरा जर इतका निष्पाप असेल, तर एका फिल्मला एवढे मोठे राष्ट्र अठ्ठावीस वर्षे का घाबरत होते?

(जाता जाता: 1913 च्या जूनमध्ये जॉन्सनला तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि तो देश सोडून पळाला. खटला होता गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधावरून. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधण्याचा आमचा हेतू नाही. पण ते कोणत्या अमेरिकेत शिकायला गेले होते, हे कळायला तारखा जवळजवळ ठेवून पाहाव्यात.)

जॉन्सननंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळाले नाही. 1937 मध्ये जो लुईने ते मिळवले. पण कोणत्या अटींवर? त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो हे स्वतः कृष्णवर्णीय होते, व्यवहार जाणणारे होते. त्यांनी लुईला वागण्याचे नियम घालून दिले. त्यातला एक असा, की गोऱ्या स्त्रीबरोबर कधीही फोटो काढून घ्यायचा नाही. दुसरा असा, की पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे उभे राहून आनंद दाखवायचा नाही. वाचकहो, हे नियम नीट वाचा. बॉक्सिंग कसे खेळायचे याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. ते कॅमेऱ्यापुढे कसे दिसायचे याचे नियम आहेत. आपल्याकडे गावात नवे कपडे घालून, मिशीला पीळ देऊन, घोड्यावर बसून निघालेल्या नवरदेवाला जे ऐकवले जाते, त्याच जातकुळीचे. जिंक, पण जिंकल्यासारखा दिसू नकोस!

म्हणून 22 जून 1938 च्या फोटोंत लुई हसत नाही. यँकी स्टेडियमवर त्याने हिटलरच्या जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग पहिल्याच फेरीत, 124 सेकंदांत, संपवला. दोन वर्षांपूर्वी याच श्मेलिंगने त्याला हरवले होते. हार्लेममध्ये लोक रस्त्यावर उतरून नाचले. लुईचा चेहरा मात्र दगडासारखा. गंमत पाहा, हाच निर्विकार चेहरा गोऱ्या क्रीडालेखकांना 'जंगली' वाटला. त्यांनी त्याला श्वापदाच्या उपमा दिल्या. हसला असता तर उद्दाम ठरला असता, हसला नाही तर पशू ठरला. 1942 मध्ये तोच लुई लष्करी गणवेशात, हातात संगीन घेऊन सरकारी भित्तिपत्रकावर झळकला. ज्या सैन्यात तो भरती झाला, त्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ते वेगळेपण भित्तिपत्रकावर दिसत नाही. त्याने दोन लढतींची कमाई नौदल आणि लष्कराच्या मदत निधीला दिली. पुढे कर खात्याने त्याच्यामागे लावलेला तगादा त्याला अनेक वर्षे पुरला.

आता थोडे तंत्राबद्दल. त्या काळात वृत्तपत्रांचे छायाचित्रकार स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा वापरत. चार बाय पाच इंचांची एकेक फिल्म, एका होल्डरमध्ये दोनच. एका फोटोला फ्लॅशचा एक बल्ब, तो जळला की काढून दुसरा लावायचा. रिंगच्या कडेला कोपरे टेकून बसायचे आणि नेमका ठोसा बसेल तो क्षण ओळखायचा. हे कसब मोठे होते, ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण खालून घेतलेल्या कोनात बॉक्सर राक्षसासारखा मोठा दिसतो, आणि रिंगवरच्या दिव्यांमुळे मागचे सगळे काळोखात जाते. माणूस कुठून आला, कुठे परत जाणार, काहीच दिसत नाही. उरतो तो घाम, स्नायू आणि मूठ.

रिंगबाहेर जाऊन माणूस दाखवता येत नव्हता का? येत होता. जानेवारी 1949 मध्ये 'लुक' मासिकात वीस वर्षांच्या स्टॅन्ली कुब्रिकने वॉल्टर कार्टियर या गोऱ्या बॉक्सरवर चित्रकथा केली. पुढे त्याच कार्टियरवर त्याने 'डे ऑफ द फाइट' हा लघुपट केला. त्यात कार्टियरचा जुळा भाऊ आहे, सकाळची न्याहारी आहे, चर्चमधली प्रार्थना आहे, लढतीआधीची लांबलचक वाट पाहणे आहे. 17 एप्रिल 1950 च्या त्या रात्री समोर होता बॉबी जेम्स, कृष्णवर्णीय बॉक्सर. तो आपल्याला भेटतो तो लढतीपुरता, मार खाऊन पडायला. त्याने सकाळी काय खाल्ले? त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली का? कोणी म्हणेल, लघुपट कार्टियरवर होता, जेम्सवर नव्हता. बरोबर. कार्टियरवर होता, हेच तर आम्ही म्हणतो आहोत.

कॅमेरा आपल्या हातात आला की काय होते, ते गॉर्डन पार्क्सकडे पाहून कळते. कॅन्ससमधल्या गरीब घरातले पंधरावे मूल. गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेऊन स्वतःच शिकलेला. 1942 मध्ये त्याने वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना राष्ट्रध्वजापुढे, हातात झाडू देऊन उभे केले. झाडू आणि राष्ट्रध्वज एका चौकटीत! तो फोटो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पुढे तो 'लाइफ' मासिकाचा पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार झाला. पण नोकरी मिळाली म्हणून अधिकार मिळाला असे होत नाही. 1948 मध्ये हार्लेमच्या एका टोळीप्रमुख पोरावर त्याने शेकडो फोटो काढले. संपादकांनी त्यातले 21 छापले, आणि त्यांचा भर मारामारी व अंधारावर राहिला.

1966 मध्ये 'लाइफ'ने पार्क्सला मुहम्मद अलीकडे पाठवले. अली तेव्हा अमेरिकेतला सर्वांत नावडता विजेता होता, कारण त्याने मालकाचे नाव टाकून स्वतःचे नाव घेतले होते आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तोंड उघडले होते. पार्क्स मायामीला गेला, लंडनला गेला, दिवसच्या दिवस त्याच्याबरोबर राहिला. त्याच्या फोटोंत सराव संपल्यावर घामाने डबडबलेला, थकलेला, विचारात पडलेला चेहरा आहे. हाच चेहरा इतरांना फक्त बडबड्या वाटत होता. 9 सप्टेंबर 1966 च्या अंकात हा लेख छापून आला. मथळा काय? 'विजेत्याचा उद्धार'! उद्धार हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपला उद्धार करायला कोण कोण निघाले होते, हे आपण 1932 पासून पाहिले आहे. अलीने कोणते पाप केले होते, की त्याचा उद्धार व्हावा? सात महिन्यांनी, 28 एप्रिल 1967 रोजी त्याने सैन्यभरतीला नकार दिला आणि त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले. उद्धार करणाऱ्यांची सहनशक्ती तेवढीच असते.

आणखी एक नाव सांगायलाच हवे, कारण ते कलादालनांत उशिरा पोहोचले. चार्ल्स 'टीनी' हॅरिस. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार. शिकागोचे 'डिफेंडर' 1905 चे, 'कुरियर' 1907 चे, आपला 'मूकनायक' 1920 चा. दुसऱ्यांच्या छापखान्यात आपले तोंड उघडत नाही, हे कळल्यावर निघालेली ही पत्रे. हॅरिसने आपल्या वस्तीतली लग्ने टिपली, सभा टिपल्या, बेसबॉलचे संघ टिपले, बॉक्सरही टिपले. त्याच्या सुमारे 80,000 निगेटिव्ह आज पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयात आहेत. संग्रहालयाने त्या 2001 मध्ये घेतल्या, तेव्हा हॅरिसला जाऊन तीन वर्षे झाली होती.

त्यात जानेवारी 1963 चा एक फोटो आहे. अली, तेव्हा अजून कॅशियस क्ले, पिट्सबर्गला लढायला आला होता. एका हॉटेलबाहेर, भर रस्त्यात, त्याने आपल्या आईला, ओडेसा क्ले यांना, दोन्ही हातांवर उचलून घेतले आहे.