कर्ता गेला, कार्य राहिले

कोणत्याही संस्थेची संपत्ती कोणती, असे विचारले असता इमारत, निधी आणि सभासदसंख्या यांकडे बोट दाखविले जाते. परंतु संस्थेत वर्षानुवर्षे साठलेली माहिती आणि काम करण्याची रीत हीच तिची खरी ठेव होय. ही ठेव बहुधा एकदोन जाणत्या माणसांपाशी असते. ती निघून गेली की संस्था पोरकी होते. हे संकट कसे टाळावे, याचा वस्तुपाठ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने घालून दिला आहे. तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे ठरविले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला. पोथ्या काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत विखुरलेल्या, आणि प्रत्येकीचा पाठ थोडाफार निराळा. त्या ताडून पाहून मुळाच्या शक्य तितका जवळचा पाठ निश्चित करावयाचा होता. एका पंडिताच्या एका आयुष्यात होणारे हे काम नव्हे.

१९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांच्या काळात काम एका शिस्तीने चाले. आखलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित श्लोक अक्षरशः सुटा लिहावयाचा. खाली प्रत्येक पोथीला एकेक ओळ. जेथे पाठभेद असेल तेथे तो त्या अक्षराच्या बरोबर खाली नोंदवावयाचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा राखलेली असे. उत्तरेचे शास्त्री, दक्षिणेचे शास्त्री, नवे पदवीधर, सर्वांना रीत एकच. शांतिनिकेतन व तंजावर येथेही पोथ्या ताडल्या गेल्या. कोणी लिहिले यावर कागदाचा उपयोग अवलंबून राहिला नाही.

याहूनही मोठी गोष्ट अशी, की संपादकाने हातचे काही राखले नाही. निश्चित केलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद त्याच पृष्ठावर खाली, अशी छपाई झाली. ज्यास संपादकाचा निर्णय मान्य नसेल, त्याच्या हाती पुरावाही दिलेला होता.

या पद्धतीची कसोटी २१ जानेवारी १९४३ रोजी लागली. त्या दिवशी सुखटणकर निवर्तले. त्यांच्या हातून आदिपर्व व आरण्यकपर्व पुरी झाली होती; बहुतेक पर्वे व्हावयाची होती. परंतु काम थांबले नाही. पुढे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व त्यांच्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीरांनी, उद्योगपर्व ढाक्याच्या डॉ. सुशीलकुमार डे यांनी, तर सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. अखेर २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्तीचा समारंभ झाला. ४७ वर्षे लागली, १,२५९ पोथ्या उपयोगी पडल्या आणि १९ खंड सिद्ध झाले.

आता आपल्या घराकडे वळून पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांपाशी कारागिरीच्या खुब्या आहेत, कुळांच्या हकीकती आहेत, निधी कोणी, कशासाठी व कोणत्या अटीवर दिला याच्या आठवणी आहेत. ‘घरची विद्या घराबाहेर जाऊ नये’ या भावनेने पुष्कळ कसब वडिलांबरोबरच लोपले; मुलगा दुसऱ्या व्यवसायास लागला आणि शिकवावयास कोणी उरले नाही. जे दिल्याने वाढावयाचे, ते राखल्याने संपले.

म्हणून आमची विनंती आहे, की ठराव लिहिताना त्याची कारणे व विरुद्ध मतेही लिहावीत; प्रत्येक जाणत्या कार्यकर्त्याजवळ एक तरुण बसवावा; जुन्या चोपड्यांच्या नकला दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या कोणाही सभासदास पाहू द्याव्यात. संगणकामुळे आज हे सोपे झाले आहे. हवी आहे ती फक्त देण्याची बुद्धी. आमच्यामागून येणाऱ्यांना आमची नावे आठवली नाहीत तरी चालेल. आमचे काम जेथे थांबले, तेथून पुढे नेता आले म्हणजे झाले.