एका घरकामगार मुलीची गोष्ट जगभर पोहोचली, मालकीण तुरुंगात गेली. मग नियम का बदलले नाहीत?

स्थलांतरित बाईच्या छळाची पोस्ट आपल्या फीडमध्ये अधूनमधून येते. आपण हळहळतो, शेअर करतो आणि पुढे स्क्रोल करतो. अशा गोष्टींनी खरंच काही बदलतं का? हाँगकाँगमधलं एर्वियाना सुलिस्त्यानिंगसिहचं प्रकरण पाहिलं तर उत्तर मिळतं: बदलतं, पण अर्धंच.

नेमकं काय घडलं होतं?

एर्वियाना इंडोनेशियातल्या पूर्व जावामधल्या खेड्यातली मुलगी. २०१३ मध्ये एका एजन्सीमार्फत ती हाँगकाँगला घरकामासाठी गेली. तिथे सुमारे आठ महिने तिला मारहाण झाली, पगार मिळाला नाही, सुट्टी मिळाली नाही. सुरुवातीलाच तिने एजन्सीकडे मदत मागितली होती, पण तिला पुन्हा त्याच घरात पाठवण्यात आलं.

जानेवारी २०१४ मध्ये मालकिणीने तिला विमानतळावर आणून सोडलं. कुणाला काही सांगितलंस तर घरच्यांना मारून टाकू, अशी धमकीही दिली. तेव्हा एर्वियानाला धड चालताही येत नव्हतं. तिथे भेटलेल्या दुसऱ्या एका इंडोनेशियन कामगार बाईने तिची विचारपूस केली, तिला सोबत केली. जखमांचे फोटो सोशल मीडियावर गेले आणि काही दिवसांतच हजारो लोक हाँगकाँगच्या रस्त्यावर उतरले. मालकीण थायलंडला निघाली असताना पोलिसांनी तिला विमानतळावर पकडलं. एर्वियानाचा जबाब घ्यायला पोलीस इंडोनेशियाला गेले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कोर्टात २० पैकी १८ आरोप सिद्ध झाले. मालकिणीला सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये एर्वियानाला आठ लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली.

हे फक्त फोटोमुळे झालं का?

नाही. फोटोने लक्ष वेधलं. पुढचं काम तीन गोष्टींनी केलं.

पहिली, एर्वियाना स्वतः बोलली. परत हाँगकाँगला जाऊन तिने कोर्टात साक्ष दिली.

दुसरी, तिच्यामागे संघटना होत्या. त्या वेळी हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार होत्या, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. रविवारच्या सुट्टीत एकत्र जमणाऱ्या या बायकांच्या संघटना आधीपासूनच होत्या. मोर्चा एका रात्रीत उभा राहिला नाही.

तिसरी, तिची गोष्ट एकटी राहिली नाही. त्याच मालकिणीकडे आधी काम केलेल्या बायकांनीही तक्रार केली.

मग काय बदललं नाही?

एर्वियाना त्या घरातून आधीच का निघाली नाही? इथे नियमांचा प्रश्न येतो. हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगाराला मालकाच्याच घरी राहावं लागतं. करार तुटला तर साधारण दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. वर एजन्सीची फी पगारातून कापली जाते. म्हणजे काम सोडलं की डोक्यावरचं छप्पर जातं, व्हिसा जातो आणि कर्ज तेवढं उरतं.

मालकिणीला शिक्षा झाली, तरी हे दोन्ही नियम राहिले. घरातच राहण्याच्या सक्तीला एका फिलिपिनो घरकामगार बाईने कोर्टात आव्हान दिलं, पण २०२० मध्ये अपील कोर्टातही ती हरली. लोकांना ‘दुष्ट मालकीण’ लक्षात राहिली. तिला एवढी मोकळीक देणारा नियम बातमीच्या तळाशी गेला.

आपल्याकडे असं काही झालंय का?

हो. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून फडावर जाणाऱ्या बीडच्या ऊसतोड महिला हे आपलं सगळ्यात जवळचं उदाहरण. त्या सांगत होत्या: पाळीत किंवा आजारपणात खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेलं की पिशवी काढायला सांगतात. २०१९ मध्ये हे बातम्यांत गाजलं. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

इथे एकीची गोष्ट हजारोंच्या आकड्याला जोडली गेली. त्यामुळे एक नियमही बदलला: जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पण मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड, म्हणजे दुखत असतानाही कोयता खाली ठेवू न देणारी व्यवस्था, संपली नाही.

शेअर करण्याआधी काय बघायचं?

- परवानगी: तिने स्वतः होकार दिलाय का? व्हिडिओ किती लांब जाईल, हे तिला माहीत आहे का?
- धोका: चेहरा, गाव किंवा मुकादमाचं नाव दिसल्याने पुढच्या हंगामाचं काम जाईल का? शंका असेल तर फोटो टाकू नका.
- मागणी: तिला काय हवंय? थकलेला पगार, तक्रार नोंदवणं की नियमात बदल? ते पोस्टमध्ये लिहा.
- नियम: हे कशामुळे घडू शकलं, ते एका ओळीत तरी सांगा.
- पुढे काय: महिनाभराने पुन्हा विचारा. पोस्ट जुनी होते, केस चालूच असते.

२०१४ मध्येच ‘टाइम’ मासिकाच्या १०० प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत एर्वियानाचं नाव आलं. त्यानंतरही ती स्थलांतरित कामगारांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. स्वतःचा न्याय तिला मिळाला होता. ती पुढे बोलत राहिली ती तिच्यामागून त्याच वाटेने जाणाऱ्या मुलींसाठी. अशी पुढची पोस्ट समोर आली की छळ कुणी केला याबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: तिला तिथून निघता का आलं नाही?