न वाचता केलेली सही

अमेरिकेत पीएचडीसाठी आलो ते २०१२ साली. पहिल्या आठवड्यात इतक्या कागदांवर सह्या केल्या की आपण विद्यार्थी आहोत की सब-रजिस्ट्रार, असा प्रश्न पडावा. बँकेचे कागद, घरभाड्याचा करार, विमा, आणि त्यातच कुठेतरी एक दोन पानी नियमावली होती. विद्यापीठाचे कॉम्प्युटर, नेटवर्क आणि वेब-पानं कशासाठी वापरावीत, कशासाठी वापरू नयेत याची. इथे तिला 'ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी' म्हणतात. मी ती वाचली नाही. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये 'चपला बाहेर काढाव्यात' आणि 'पेन ड्राइव्ह लावू नये' अशी पाटी असायची, तसलंच काहीतरी असेल असं समजून सही ठोकली.

पाटी वेगळी आणि सही वेगळी, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

एका कॉन्फरन्सची डेडलाइन तोंडावर होती आणि माझ्या वाट्याच्या मशीनवर सिम्युलेशन काही संपत नव्हतं. शुक्रवारी रात्री खालच्या मजल्यावर बी.एस.च्या मुलांची लॅब रिकामी दिसली. वीस मशीन नुसती बसून होती! माझ्या लॉगिनने ती उघडत होती. मग काय, वीसही मशीनना कामाला लावलं आणि निवांत झोपलो. शनिवारी सकाळी त्या मुलांचीही डेडलाइन होती, हे मला माहीत नव्हतं. दुपारी माझं अकाउंट बंद झालं आणि ईमेल आली: 'सोमवारी नऊला येऊन भेट.'

ते दोन दिवस कसे गेले ते मलाच माहीत. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलेलं. व्हिसा विद्यापीठाच्या भरवशावर. काढून टाकलं तर घरी काय सांगायचं? त्या रात्री मी ती दोन पानं पहिल्यांदा वाचली. माझा गुन्हा दुसऱ्या पानावर होता.

सोमवारी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने, पिकल्या दाढीचा माणूस, दोन प्रश्न विचारले. कशासाठी केलंस? आणि आधी विचारलं का नाहीस? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं, दुसऱ्याचं नव्हतं. त्याने अकाउंट चालू केलं, मोठ्या क्लस्टरवर काम कसं लावायचं ते दाखवलं आणि हसत म्हणाला, "काळजी करू नकोस, तू काही पहिला नाहीस." मग त्याने मला ॲलन शेरची गोष्ट सांगितली. मी ती नंतर शोधून वाचली आणि तिच्या मागेपुढे बरंच काही सापडलं. ते सांगण्यासाठी हा लेख.

१९६१ साली एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत चालवून दाखवली. तिचं नाव सीटीएसएस. त्याआधी पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं, असा मामला होता. एक मशीन अनेकांत वाटायचं म्हटल्यावर दोन गोष्टी ओघाने आल्या. प्रत्येकाच्या वेळेचा कोटा आणि प्रत्येकाचा पासवर्ड. म्हणजे आपण आज दिवसातून दहा वेळा जो पासवर्ड टाकतो, तो एका विद्यापीठाच्या वाटणीतून रुजला.

शेर तिथे पीएचडी करत होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि त्याची सिम्युलेशनं (पुन्हा सिम्युलेशनंच!) त्यात बसत नव्हती. १९६२ मध्ये त्याने एक युक्ती केली. फाइलचं नाव पंच कार्डावर देऊन ती छापून मागवायची सोय होती. त्याने शुक्रवारी रात्री पासवर्डांचीच फाइल मागवली आणि शनिवारी छापील यादी उचलून आणली. मग दुसऱ्यांच्या कोट्यावर काम सुरू. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने कोर्बातोंना कबुली दिली, तेव्हा 'तुझी पीएचडी काही काढून घेत नाही' असं त्यांनी त्याला आश्वासन दिलं म्हणे.

हा झाला घरातला मामला. एक मशीन, ओळखीची माणसं, आणि चोरीला गेलं काय, तर वेळ. पुढे मशीन एकमेकांना जोडली गेली आणि घराच्या भिंतीच गेल्या.

२ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होता. त्याचे वडील बेल लॅब्जमधले नावाजलेले संशोधक. त्या वेळी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या कॉम्प्युटर सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते! मुलाने एक प्रोग्रॅम लिहिला. तो आपणहून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचा. रस्ते तीन-चार होते: मेल पोचवणाऱ्या 'सेंडमेल'मधली उघडी राहिलेली खिडकी, 'फिंगर' नावाच्या सेवेतली चूक, मशीनांचा एकमेकांवरचा विश्वास, आणि लोकांचे सोपे पासवर्ड. कॉर्नेलचं नाव येऊ नये म्हणून त्याने तो एमआयटीच्या मशीनवरून सोडला.

त्या प्रोग्रॅमला काही पुसायचं किंवा चोरायचं नव्हतं, फक्त पसरायचं होतं. एका मशीनवर गर्दी होऊ नये म्हणून तो आधी विचारायचा, 'माझी प्रत इथे आहे का?' पण एखादा हुशार ॲडमिनिस्ट्रेटर खोटंच 'हो' म्हणायला लावेल, ही मॉरिसला भीती. म्हणून त्याने सोय केली की दर सातव्या 'हो'ला न जुमानता मुक्काम ठोकायचा. सात हा आकडा फारच लहान निघाला. प्रश्न त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारला गेला, प्रतींवर प्रती चढल्या आणि विद्यापीठांची, संशोधन संस्थांची मशीन एकामागून एक आडवी झाली. तेव्हा इंटरनेटवर साठ हजारांच्या आसपास मशीन होती आणि त्यातली सुमारे सहा हजार सापडली, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. गडबड लक्षात आल्यावर मॉरिसने एका मित्राकरवी निनावी माफी आणि उपाय पाठवला. पण नेटवर्कच तुंबलेलं, त्यामुळे तो निरोप वेळेत पोचलाच नाही.

आता शिक्षा कोणी करायची? कॉर्नेलने समिती नेमली. तिच्यात डेव्हिड ग्रीस आणि युरिस हार्टमानिस यांच्यासारखे मोठे प्राध्यापक होते. फेब्रुवारी १९८९च्या अहवालात समितीने म्हटलं की त्याने विभागाचे नियम मोडले, माहिती नष्ट करायचा त्याचा हेतू दिसत नाही, पण परिणामांचा विचार न करता केलेलं हे बालिश कृत्य आहे. विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. पण १९८६ साली अमेरिकेने कॉम्प्युटर गुन्ह्यांचा कायदा केला होता आणि त्याखाली मॉरिसवर खटलाही चालला. जानेवारी १९९० मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. कमाल शिक्षा पाच वर्षं तुरुंगवास. न्यायाधीशांनी दिली ती तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. अपिलात त्याचं म्हणणं होतं की कॉर्नेल, हार्वर्ड, बर्कलीच्या मशीनवर मला प्रवेश होताच, मग घुसखोरी कसली? कोर्ट म्हणालं, मेल आणि फिंगर या सेवा ज्यासाठी आहेत त्यासाठी तू त्या वापरल्याच नाहीस.

या वाक्यापाशी मी थबकलो. माझंही लॉगिन त्या वीस मशीनवर चालत होतंच की!

जानेवारी १९८९ मध्येच इंटरनेटची देखरेख करणाऱ्या मंडळाने 'एथिक्स अँड द इंटरनेट' नावाचं छोटं निवेदन काढलं होतं. अनैतिक काय, तर अनधिकृत प्रवेश, ठरलेल्या वापरात अडथळा, साधनांची आणि माणसांच्या श्रमांची नासाडी, माहितीची मोडतोड, खासगीपणाचा भंग. आज कुठल्याही विद्यापीठाची नियमावली उघडा, याच पाच गोष्टी फिरून फिरून भेटतात.

मॉरिसचं पुढे काय झालं? १९९९ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी झाली आणि त्याच वर्षी तो एमआयटीत प्राध्यापक झाला. हो, जिथून किडा सोडला त्याच एमआयटीत. २००५ मध्ये त्याने मित्रांबरोबर 'वाय कॉम्बिनेटर' काढलं. नव्या कंपन्यांना पैसा आणि सल्ला देणारी ही संस्था. तिच्या पहिल्याच तुकडीत ॲरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता.

२०१० साली हाच स्वार्ट्झ एमआयटीच्या पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या नेटवर्कवरून 'जेस्टोर'मधले शोधनिबंध उतरवू लागला. एक-दोन नव्हे, लाखो. अडवलं की मशीनचा पत्ता बदलायचा आणि पुन्हा सुरू. शेवटी त्याने तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप जोडून ठेवला. एमआयटीला तो जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि पोलिसांबरोबर सीक्रेट सर्व्हिसही आली. जेस्टोरने तडजोड करून अंग काढून घेतलं, एमआयटीने 'आम्ही तटस्थ' म्हटलं, आणि सरकारी वकिलांनी मॉरिसवर लावला होता तोच कायदा लावला. सप्टेंबर २०१२ पर्यंत आरोप तेरा झाले होते. ११ जानेवारी २०१३ ला स्वार्ट्झने आत्महत्या केली. वय २६. मी आलो त्याच्या पहिल्याच हिवाळ्यातली ही बातमी. तेव्हा मी ती दोन मिनिटांत वाचून पुढे गेलो होतो.

नंतर एमआयटीने हॅल एबल्सन या प्राध्यापकांना चौकशी करायला सांगितलं. अहवालाचा सूर असा, की एमआयटीने काही गैर केलं नाही, पण अशा वेळी जे पुढारपण दाखवायला हवं होतं तेही दाखवलं नाही. मला ही तटस्थता शिक्षेपेक्षा जड वाटते. पोरगं चुकलं तर कान धरावा, गरज पडली तर निलंबित करावं. पण ते आपल्या नेटवर्कवर चुकलं असताना 'आमचा संबंध नाही' म्हणणं हे काही गुरुकुलाला शोभत नाही. आता, स्वार्ट्झ एमआयटीचा विद्यार्थी नव्हता आणि त्याचं वागणं लपतछपत होतं, हेही खरं. पण नियम मोडणं आणि गुन्हा करणं यांत अंतर आहे, आणि ते कुठे संपतं हे ठरवणारं कोणीतरी शहाणं माणूस मधे असावं लागतं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका पोलिसाच्या खटल्यात हेच अंतर थोडं रुंद केलं: जी माहिती पाहायचा अधिकार तुम्हाला आहे, ती चुकीच्या कारणासाठी पाहिली, एवढ्याने या कायद्याखाली गुन्हा होत नाही. स्वार्ट्झला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आता माझ्याकडे दर उन्हाळ्यात इंटर्न मुलं येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या एकाने रात्रीतून सगळा क्लस्टर व्यापून टाकला. सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा होता, चेहरा माझ्या त्या सोमवारसारखा. मी त्याला तेच दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.