हवेबरोबर वाफ

डिझेल इंजिनाच्या हवेत वाफ सोडायची म्हटलं की आमच्या कोरेगाव तालुक्यातले मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतात, "म्हणजे साहेब, इंजिन पाण्यावर चालणार?" नाही चालणार. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, त्याला दुसऱ्यांदा पेटवता येत नाही. पाण्याचा गुण उष्णता गिळण्याचा आहे. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ व्हायला 2,257 किलोज्यूल लागतात. माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली. पाण्याच्या या एका गुणाभोवती इंजिनवाल्यांनी किती डोकं चालवलं आहे, ते मिस्त्रींनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

डिझेल साहेबांचं इंजिन 1897 मध्ये औग्सबुर्गला चाललं, पण खेड्यापाड्यांत आणि मासेमारीच्या होड्यांवर जास्त रुळलं ते त्याचं साधं भावंड, हॉट-बल्ब इंजिन. ब्रिटनमध्ये हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टने 1890 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा पोकळ बल्ब असे. तो ब्लोलॅम्पने तापवायचा, मग चाक फिरवायचं. पुढे जळणाच्या उष्णतेनेच बल्ब तापलेला राही. अडचण लोड वाढल्यावर येई. बल्ब लालबुंद होई, तेल वेळेआधी पेटे आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर ठोके बसत. उपाय होता पाण्याचा नळ! हवेच्या वाटेत थेंब थेंब पाणी सोडलं की आतला जाळ निवे आणि ठोके थांबत. स्वीडनच्या बोलिंडरसारख्या दोन-स्ट्रोक इंजिनांवर हा नळ असे आणि तो चालवणाऱ्याच्या कानावर चाले. ठोका ऐकू आला की नळ थोडा उघडायचा, लोड उतरला की आवळायचा. पाणी जास्त झालं तर बल्बच विझे. बुडापेस्टच्या दोनात बांकीने तर 1890 च्या दशकातच पाण्याचा फवारा देऊन पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन बरंच वाढवलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणं वाटतं ते न्यूयॉर्कच्या मीत्झ आणि वाइस यांचं काम. त्यांच्या हॉट-बल्ब इंजिनाच्या सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी उकळे आणि तीच वाफ हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढली जाई. यातली खुबी अशी, की लोड वाढला की जॅकेट जास्त तापतं आणि वाफही जास्त निघते. नळावर हात ठेवून कोणी बसायला नको. शिवाय पाण्यातला क्षार जॅकेटमध्येच राहतो. थेंबाचं पाणी मात्र तो क्षार थेट पिस्टनपर्यंत नेतं. आमच्या विहिरीचं पाणी उकळलेल्या भांड्याचा तळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळं सांगायला नको.

पुढे पंप आणि नोझल सुधारले, तेल नेमक्या क्षणी सुटू लागलं, कॉम्प्रेशनवरच पेटू लागलं. बल्ब गेला, त्याच्याबरोबर पाण्याचा नळही गेला. 1930 च्या दशकात आमच्या सातारा रोडला कूपर कारखान्यात डिझेल इंजिनं होऊ लागली, तेव्हा जगभर हा बदल चालू होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांना थोडा वेळ जास्तीचा जोर हवा म्हणून पाणी-मिथेनॉलचे फवारे दिले गेले. ती गोष्ट पेट्रोलची, म्हणून इथे एवढीच.

डिझेलकडे पाणी परतलं ते धुराच्या विषामुळे. ज्वाला दीड हजार अंशांच्या वर गेली की हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड होतात. 1999 पासून स्टॉकहोम-हेलसिंकी मार्गावरच्या 'मारिएला' जहाजाच्या इंजिनांना दमट हवा देऊ लागले. टर्बोचार्जरमधून आलेल्या गरम हवेत समुद्राच्या पाण्याची वाफ करायची, मीठ उरलेल्या पाण्यात मागे राहतं आणि ओली हवा सिलिंडरला जाते. उष्णता इंजिनाचीच, वाफही तिचीच. मीत्झ-वाइस यांचाच विचार इथे मोठ्या आकारात उभा राहिला.

म्हणून घरी विहिरीवरच्या इंजिनाला अशी जोडणी करायची असेल, तर मी मिस्त्रींना सायलेन्सरच्या पाइपावर तांब्याची नळी गुंडाळायला सांगतो. वरच्या डब्यातून तिच्यात पाणी सोडायला सलाईनचा सेट पुरतो, त्याच्या चकतीने थेंब कमी-जास्त करता येतात. वाफेचं टोक एअर क्लीनर आणि इंजिन यांच्या मध्ये. टोक उघडंच ठेवायचं, मध्ये कॉक बसवायचा नाही, म्हणजे नळीत दाब कोंडत नाही. पाणी इंजिन तापल्यावर सोडायचं आणि बंद करण्याआधी थांबवायचं. शेवटची काही मिनिटं ते कोरड्या हवेवर चाललं पाहिजे, नाहीतर रात्रभरात लायनर गंजतो. यातून डिझेल वाचेल अशी हमी मी कोणालाही देत नाही. जळण थोडं थंड होतं आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, हे मात्र खात्रीने सांगतो.