तळटीप १२ : चंडीगढचे युद्धस्मारक

१२. येथे उल्लेखिलेले युद्धस्मारक चंडीगढच्या सेक्टर ३ मधील बोगनवेल उद्यानात असून १७ ऑगस्ट २००६ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश व चंडीगढ येथील, १९४७ नंतर धारातीर्थी पडलेल्या आठ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. कारगिलपूर्वीच्या युद्धांत मृतदेह घरी पोहोचवण्याची सोय क्वचितच होत असे आणि अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीजवळच उरकले जात. त्यामुळे ज्यांना अंत्यदर्शनही घडले नाही अशा कुटुंबांना आपल्या माणसाच्या नावावरून हात फिरवता यावा, यातच अशा नामभिंतीचे खरे मोल आहे, आणि म्हणूनच तिच्यावरील एकाही नावाची चूक क्षम्य मानता येत नाही.

याच भूप्रदेशातील कांगडा जिल्ह्याचे (तेव्हा पंजाबात, १९६६ पासून हिमाचलात) मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे लढताना कामी आले आणि परमवीरचक्र, म्हणजे युद्धातील शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळवणारे पहिले वीर ठरले. या पदकाची रचना लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पत्नी सावित्रीबाई यांनी केली होती. त्यांच्या थोरल्या कन्येचे दीर हेच मेजर शर्मा, हा संबंध मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावा.